थोरल्याची बंदूक

बहात्तरच्या दुष्काळात सगळी टेंभुर्णी थेंबाला महाग झाली होती, आणि तातेरावांच्या बंदुकीला मात्र रोज गंज चढत होता.

बंदूक थोरल्या भावाची. सर्जेराव आपल्याच विहिरीत बुडून गेले, तेव्हा ती तातेरावांच्या गळ्यात पडली. दमट हवेनं गंजू नये म्हणून लोखंडी कपाटात त्यांनी कळीच्या चुन्याचे खडे ठेवले होते. भर पावसाळ्यात महिनाभर टिकणारे खडे आता एका दिवसात ओले होऊन फुटत, आणि नळीवरून पाणी ओघळत असे. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेला माणूस नवल तरी किती करणार? तातेराव नळी पुसत, तेलाचा हात फिरवत, चुना बदलत आणि कुलूप लावत.

त्या दिवशी टँकर आलाच नाही. तरी कांताबाईनं नवऱ्यापुढे गार पाण्याचा तांब्या धरला. तातेराव घटाघटा प्याले.

“कुठून आणलं?”

“उंबऱ्यात भरून ठेवलेला व्हता. मला वाटलं, तुमीच ठिवला.”

“मी तर आत्ता येऊन राह्यलो.”

तोंडात शेवाळाची चव रेंगाळली. सर्जेरावांच्या विहिरीची. ती तर त्यांना बाहेर काढल्यावर लगेच बुजवली होती.

तातेरावांनी पाय ओढत जाऊन कपाट उघडलं. बंदूक कोरडीठाक होती. चुन्याचे खडे जसेच्या तसे. चला, एक काम तरी सुटलं, म्हणून त्यांनी कपाटाचं दार लोटलं.

हात काढला तेव्हा पत्र्यावर पाच बोटं ओली उमटली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत ती गंजून तांबडी होत गेली.