तांबडी तीन मिनिटं

किनाऱ्यावरचं आमचं रेडिओ स्टेशन बंद झालं, तेव्हा तिथलं घड्याळ मी नाशिकला, सिडकोतल्या घरी आणलं. त्यावर दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं तांबडी रंगवलेली आहेत. तेवढा वेळ कुणीही संदेश पाठवायचा नाही, फक्त बुडणाऱ्या जहाजाची हाक येते का ते ऐकायचं. घरीही मी तेव्हा गप्प बसतो. बायकोला संसारात तेवढीच सुट्टी. आज अडतिसाव्या वाढदिवसाचा केक कापताना संघमित्राने विचारलं, “पप्पा, तुम्ही हा नियम एकदाही नाही मोडला?” मोडला होता. तिच्या जन्माची तार आली आणि मी तांबड्या मिनिटांतच सगळ्या जहाजांना मुलगी झाल्याचं कळवलं. अकरा जहाजांनी अभिनंदन केलं. बारावं तेव्हा मदत मागत होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी नुसतं घड्याळाकडे बोट दाखवलं. बायको म्हणाली, “अहो, तीन मिनिटं केव्हाच संपली.”