सातवं प्रकरण

माणसाच्या डोक्यात एकच विचार दोनदा तसाच्या तसा येत नाही. चाळीस वर्षांच्या चिंतनातून निघालेला हा निष्कर्ष तत्त्वज्ञांनी अखेर कागदावर उतरवला आणि आपल्या शेवटच्या ग्रंथाचं सातवं प्रकरण काखेत मारून ते सकाळी दहाच्या ठोक्याला टायपिस्ट बाईंकडे हजर झाले.

बाईंनी गठ्ठा घेतला, पहिलं पान वाचलं आणि खालच्या खणातून आणखी तीन गठ्ठे काढून शेजारी मांडले.

"सर, सातवं प्रकरण तुम्ही आधीच दिलंय. एकदा नाही, तीनदा."

सरांनी आधी हसून घेतलं. कच्चे खर्डे असतील, म्हणाले; विचार पक्व होत जातो तसा मजकूर बदलतो, ते तुम्हाला नाही कळायचं. बाईंनी ते मान्य केलं आणि चारही गठ्ठ्यांचं पाचवं पान उघडलं. मजकूर बदलला नव्हता. स्वल्पविरामसुद्धा जागचे हलले नव्हते.

मग त्यांना वाटलं, कुणा शिष्याने आपल्या अक्षराची नक्कल केली असावी. पण आपलं लिखाण इतकं मन लावून वाचणारा शिष्य काही त्यांना आठवेना. शिवाय खाडाखोड होती. चारही ठिकाणी 'निश्चितच' लिहून खोडलं होतं आणि वर 'बहुधा' केलं होतं. शंका तीच, ओळ तीच, खोडायची रेघसुद्धा तशीच तिरकी. आज पहाटे ही दुरुस्ती करताना स्वतःच्या प्रामाणिकपणाचं त्यांना केवढं कौतुक वाटलं होतं.

ग्रंथाचं एकच प्रकरण आता राहिलं होतं, आठवं. त्याचं पहिलं वाक्य त्यांनी मनात शोधून पाहिलं. तिथे सातव्याचंच पहिलं वाक्य उभं होतं. त्याला बाजूला सारून त्यांनी पुन्हा पाहिलं. ते हललं नाही.

रविवारी मुलगी येणार होती. वडिलांना एकटं राहू द्यावं की नाही, हे तिचं वर्षभर ठरत नव्हतं. हे कळलं असतं तर पाच मिनिटांत ठरलं असतं. कपड्यांची बॅग, औषधांचा डबा आणि वडील, एवढं गाडीत घालून ती निघाली असती. ग्रंथ इथेच राहिला असता.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या मुलीच्या कानावर हे जाऊ देऊ नका."

"नाही जाऊ देणार," बाई म्हणाल्या. "मागच्या दोन्ही वेळी कुठे जाऊ दिलं?"

पाणी मागायला सरांनी तोंड उघडलं. भरलेला पेला केव्हाचाच समोर ठेवलेला होता.