फुगा

"जायचंय ना तुला? मग जा. पण माझ्या घरातून रिकाम्या पोटी कुणी जात नाही."

"मला भूक नाहीये, बाबा. किती वेळा सांगू?"

"शाळा सोडून आलास तेव्हाही भूक नव्हती तुला. अख्खं पातेलं चाटूनपुसून ठेवलंस."

बाबा बेकरीत भट्टीवर कामाला. सुट्टीच्या दिवशीही हात गप्प बसत नाहीत. त्यांनी अंडी फोडली, दूध-मैदा घालून घुसळलं, पातळ पीठ लोखंडी पॅनमध्ये ओतलं आणि पॅन ओव्हनमध्ये ढकलून दार लावलं. आत पिवळा दिवा लागला. हा पॅनकेक उलथावा लागत नाही, शेजारी उभं राहावं लागत नाही. आपला आपण कडांनी वर चढतो आणि टोपीसारखा फुगतो. म्हणून घरात त्याला सगळे फुगाच म्हणतात.

पोरगा दारात उभा होता. पाठीवर बॅग, पायात बूट. लांबच्या गावात गॅरेजमध्ये काम मिळालं होतं, आणि तिकडे निघालेला टेम्पो खाली हॉर्न मारत होता.

"फुगला की खायचा, मग जायचं," बाबा म्हणाले.

"मी तुमची परवानगी मागत नाहीये."

"परवानगी देतंय कोण? फुगा खा म्हणतोय."

धाकटी ओव्हनसमोर फतकल मारून बसली होती. "दादा, हा रुसलाय बघ. फुगतच नाहीये."

"घरात एक फुगलाय तेवढा पुरे," पोरगा बाबांकडे बघत म्हणाला.

बाबा हसले नाहीत. पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागले.

"तिकडे हातबित कापून घेतलास तर मला फोन करू नकोस."

"नाही करणार."

"करूच नकोस."

खाली परत हॉर्न. पोराचं डोकं सणकलं. "बस झालं! कच्चा तर कच्चा, द्या इकडे." तो तरातरा आत आला.

"दार उघडू नकोस!" बाबा ओरडले. आवाज मध्येच फाटला.

तोवर पोराचा हात काचेला लागला होता.

काच गार होती.

त्यानं बटणाकडे पाहिलं. काटा दिव्याच्या चित्रावर. नुसता दिवाच लागलेला. मग त्याला आठवलं, मघाशी पीठ ओतलं तेव्हा चर्र झालंच नव्हतं. पॅन आधी ओव्हनमध्ये तापवायचा, लोणी तडतडलं की मगच पीठ ओतायचं, हे त्याला शिकवलं होतं ते बाबांनीच. भट्टीच्या तोंडाशी नुसता हात धरून आच सांगणाऱ्या बाबांनी.

त्यानं वळून पाहिलं. बाबांची पाठ होती. फडकं ओट्यावर एकाच जागी फिरत होतं.

"आज जरा वेळ लागतोय," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

"बिघडलाय का रे, दादा?" धाकटीनं विचारलं.

"नाही."

खाली हॉर्न वाजला. या वेळी लांबलचक.

पोरानं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आतली तार हळूहळू लाल व्हायला लागली. बॅग पाठीवर तशीच ठेवून तो धाकटीच्या शेजारी खाली बसला.

"मला आता निघायला हवं," तो म्हणाला.