एका ताटातले तीन पोपट

"ह्याच्यावर कुणाचा इस्वास बसायचा न्हाय," येसाजी ओटीवर जमलेल्यांना सांगत होता, "पण गोरे गेले त्या सालापास्नं माज्या घरात जो पोपट येतो तो एकाच ताटात जेवतो. आज तीन जातींचे तीन हायेत. एकानं दुसऱ्याचं पीस उपटलेलं दाखवा, मिशी उतरवीन!"

शेजारची चंद्राबाई सुपारी कातरता कातरता म्हणाली, "मिशी हाय कुठं उतरवायला?"

ओटी हसली. येसाजीला तेवढंच हवं असायचं. नागावात थापा माराव्यात त्यानं आणि हसावं गावानं, असा तो रिवाजच होता.

त्याच्या डोक्यामागं पिंजरा टांगलेला होता. त्यात एका बाजूला नाजूक राघू, दुसऱ्या बाजूला त्याच्या दीडपट मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट. पहाडीनं एकदा राघूचं बोट तोडलं होतं, तेव्हापासून दोघांच्या मध्ये बांबूच्या कामट्यांची आडभिंत होती. येसाजी गोष्ट सांगताना नेमका त्या आडभिंतीपुढं डोकं आणून बसे.

"पाखरांचं वैर असतं ते वासाचं," तो म्हणाला. "मी तिघांना एकाच शहाळ्याच्या पाण्यानं न्हाऊ घातलं. वास एक झाला, भावकी जमली. आता थोरला आधी धाकट्याला भरवतो, मग आपण खातो."

"तिघं म्हंता, दिसतात दोन," चंद्राबाई म्हणाली. "तुमच्या मोरूनं बोटीवरनं धाडलेला तो राखाडी कुठाय? त्याला वाडीतल्या खोपीत का डांबलाय?"

"तो आफ्रिकेचा." येसाजी अडखळला. "लई चावरा. बोट घातलं तर अर्धंच परत येतं."

"मग एका ताटात जेवतो कसा, येसाभाऊ?"

ओटी पुन्हा हसली. या वेळी येसाजीला.

दारात तांदूळ निवडत बसलेली सून, मोरूची बायको केसर, उठली. तिला सासऱ्याची फजिती कधी बघवायची नाही. "जेवतो की! मी आणते त्याला. बघा मग."

"केसर, नगं!"

पण सूप खाली ठेवून ती घरामागच्या नारळाच्या वाडीत शिरलीही होती.

येसाजी तिला अडवायला अर्धवट उठला आणि पुन्हा खाली बसला.

तो पोपट मोरूनं धाडलेला नव्हता. मोरूच्या सामानाबरोबर आला होता. मोरूच्याच बोटीवरचा खलाशी बाळाजी तो घेऊन आला, तो घरी न येता थेट वाडीत. तापानं मोरू गेला, आगबोटीवरून दर्यातच सोडावा लागला, एवढं सांगून तो खाली मान घालून उभा राहिला. केसरला तेव्हा सातवा महिना होता. पोटुशीला असलं सांगतात का? मग गोदू जन्मली, अंगावर पिऊ लागली. दूध आटेल म्हणून राहिलं. आता गोदू अंगणभर दुडदुडायची, तरी येसाजीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ज्या तोंडातून दिवसभर थापांचा पाट वाहायचा, त्यातून एक खरी गोष्ट निघेना.

केसरनंही "ह्ये कधी येणार?" असं कधी विचारलं नाही. येसाजीला ते बरंच वाटायचं. सर्वपित्रीला त्यानं एक पान जास्त मांडलं, दूरच्या काकाचं म्हणून. केसरनं त्यावर आपण होऊन दोन वडे जादा वाढले. गुणाची पोर.

रडायला त्याला जागा एकच होती, ती खोपी. रोज पोपटाला दाणा घालायला जायचा आणि झावळ्यांच्या भिंतीला टेकून मोरूला हाका मारायचा. पोपट मान वाकडी करून ऐकायचा. कधी कधी त्याच्या वाटीत लाल मिरच्या असायच्या. वाडीचा गडी कोंडाजी घालत असेल, असं येसाजी धरून चालला होता.

जाताना बाळाजीनं एक बजावलं होतं. "काका, ह्यो एकटा असला की मुका. पण दुसरं पाखरू दिसलं की पोटात साठलेलं सगळं वकतो. जशाच्या तशा आवाजात."

म्हणून तर तो खोपीत एकटा होता.

केसर राखाडीचा पिंजरा घेऊन परत आली. तिचं एक बोट गजांतून आत होतं, आणि पोपट डोळे मिटून त्या बोटाकडून डोकं खाजवून घेत होता.

"अगं बया, हिला बरा चावत न्हाय!" चंद्राबाई म्हणाली.

केसरनं पिंजरा हिरव्यांच्या शेजारी टांगला. पहाडी किंचाळला. राघूनं पंख झाडले. राखाडीनं डोळे उघडले आणि मानेवरची पिसं फुलवली.

आता आपलं रडणं ह्याच्या चोचीतून पडणार, असं धरून येसाजीनं जीव खाऊन आवाज चढवला. "ऐका! मोरूचा परवाच निरोप आला! तिकडं म्हणं देवमाशाच्या पाठीवर चूल मांडतात, भात शिजेस्तवर त्यो हलत न्हाय! व्हय की न्हाय गं केसर?"

"व्हय, मामंजी," केसर हसून म्हणाली. "मागल्या खेपेलाबी ह्यांनी त्येच सांगून धाडलं हुतं."

राखाडीनं गळा साफ केल्यासारखा आवाज काढला. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. येसाजीनं डोळे गच्च मिटले.

पण चोचीतून आवाज आला तो त्याचा नव्हता. हुंदका गिळत, अगदी हळू, केसर बोलत होती.

"राजा, ह्ये गेल्याचं मला ठावं हाय, त्ये मामंजींना सांगू नगंस हां."