शंभरातले नऊ

"ताई, हे काही बरं लक्षण नाही," मावशी म्हणाली.

ताई भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होती. पडद्यावरची रेघ तीन महिन्यांत घसरत घसरत पार तळाला आली होती. आधी शंभरातले एकाहत्तर कॉल खोटे असायचे. आता नऊ.

कंपनी ताईची. धंदा म्हणाल तर अगदी साधा. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण. ते दाबलं की इथल्या खोलीत कॉल यायचा. फोनवरची बाई विचारपूस करायची आणि गरज पडली तर माणूस घरी धाडायची. मग शेरा मारायचा, खरा की खोटा. कुणाला धाडावं लागलं नाही, तर कॉल खोटा. हा नियम ताईनेच पहिल्या आठवड्यात उभ्या उभ्या ठरवून टाकला होता.

आणि म्हातारी माणसं तर कशासाठीही बटण दाबायची. आज वार कोणता? पंखा कुरकुरतोय, तुम्हाला ऐकू येतंय का? ज्या बड्या कंपनीकडे भांडवल मागितलं होतं, तिने बजावलं, खोटे कॉल दहाच्या खाली आणा, नाहीतर विषय संपला. विषय संपला म्हणजे महिनाअखेर कुलूप. मग पहिल्या हजार गिऱ्हाइकांना पत्र गेलं, की गरज असेल तरच बटण दाबावं, तुमच्यामुळे दुसऱ्याचा जीव टांगणीला लागू शकतो. शिवाय बटण दाबलं की आधी ताईच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग लागायचं. पत्र तिनेच लिहिलं होतं. फार गोड लिहिलं होतं.

"खोटे कॉल कमी झाले, यात वाईट काय मावशी?" ताईच्या भागीदाराने विचारलं. फोनवरच्या बायका पाठीमागे त्याला 'टक्के' म्हणायच्या.

"माणसं गप्प झालीत, साहेब." इथे फोनवर बसण्याआधी मावशीने सत्तावीस वर्षं हॉस्पिटलात आयाचं काम केलं होतं. "वॉर्डात कण्हणाऱ्याची मला कधी धास्ती वाटली नाही. गप्प पडलेल्याकडे मी आधी धावायचे."

"पुरावा?"

"पुरावा कुठला आणू? मला आपलं तसं वाटतंय."

"मग ते कुठल्या रकान्यात भरू, तेवढं सांगा!"

सगळे हसले. ताईही हसली. तिलाही तसंच वाटत होतं, म्हणून जरा जास्तच हसली.

मावशी गेल्यावर तिने यादी उघडली. पहिलं नाव बाबांचं. कंपनीचं पहिलं गिऱ्हाईक तेच. रोज चारच्या ठोक्याला बाबांचा कॉल यायचा, "काय मालकीणबाई, चहा झाला का?" सगळी खोली त्या आवाजाला ओळखायची. पत्र गेलं त्या रविवारी तिने त्यांना चिडवलं होतं, "बाबा, तुमचे एकट्याचे महिन्याला तीस खोटे! माझी लाज काढता अगदी." बाबांनी हसून कान पकडले होते. आज त्यांच्या नावापुढे शून्य होतं. या महिन्याचे वीसही दिवस शून्य.

आत्ताच्या आत्ता फोन करावा, असं तिला वाटलं. का, ते सांगता आलं नसतं. तिने फोन हातात घेतलाही. तेवढ्यात भागीदार दारातून म्हणाला, "अगं चल, आलेत ते भांडवलवाले." शून्य म्हणजे ठणठणीत, तिने स्वतःला बजावलं, आणि फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

बैठक झकास झाली. शेवटी पाहुण्यांनी एवढंच विचारलं, "मग आता हे पत्र आणि रेकॉर्डिंग सगळ्या गिऱ्हाइकांना लागू करायचं ना?" काचेपलीकडे मावशी कुणाला तरी वार सांगत होती. थांबा म्हणावं, असं ताईच्या अगदी ओठावर आलं. पण थांबा कशाच्या जोरावर म्हणायचं? पडद्यावर नऊ लिहिलेलं होतं.

"हो," ती म्हणाली. कंपनी वाचली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती ही बातमी सांगायला बाबांकडे गेली. दाराशी दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडली होती. तिने किल्ली फिरवली. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी एका कुशीवर पडले होते. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. बटण गळ्यातच होतं, हातापासून वीतभर. ताईने धावत जाऊन ते दाबलं.

"आपल्याला खरंच मदत हवी आहे का?" तिचाच आवाज तिला विचारू लागला. "कृपया एकदा विचार करा..."

"अगं हवीय गं, हवीय!" ती आपल्याच आवाजावर किंचाळली.

हॉस्पिटलात डॉक्टरने तिला बाजूला घेतलं. "गुरुवारी दुपारी पडलेत. मोडलेलं हाड बसवता आलं असतं हो. पण इतका वेळ तसेच पडून राहिले, किडन्या गेल्या. जवळच्या माणसांना बोलावून घ्या." म्हणजे तिने फोन ड्रॉवरमध्ये टाकला, तेव्हा बाबा फरशीवर होते. तिला स्वतःची शिसारी आली.

ती खाटेपाशी बसली. बाबांनी डोळे किलकिले केले.

"बाबा, बटण गळ्यातच होतं ना हो. का नाही दाबलंत?"

बाबांचा चेहरा चूक पकडली गेल्यासारखा झाला.

"मला वाटलं, थोड्या वेळाने उठता येईल," ते म्हणाले. "आणि उठलो असतो, तर तो खोटा धरला असता ना गं?"