मस्कीचा रिवाज

मस्की मासा सापडला की त्याची लांबी मोजायची, फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं, हा विस्कॉन्सिनमधल्या त्या तळ्याचा रिवाज. बावीस वर्षं गळ टाकूनही आर्विडला एकही मस्की लाभला नव्हता. आज एक अगदी होडीपाशी आला, आर्विडनं सगळं बळ लावून हिसका दिला, आणि गळ उसळून त्याच्याच कानात रुतला.

गावातली डॉक्टर इंग्रिड त्याची शाळासोबतीण. तिनं चिमटा उचलला.

"अगं, मगरीएवढा होता!"

"गेल्या खेपेलाही मगरच होती. हलू नकोस."

गळ निघाला. इंग्रिडनं आर्विडचा फोटो काढला, दवाखान्याच्या दारावर चिकटवला आणि खाली लिहिलं:


"लांबी पाच फूट दहा इंच. चौथ्यांदा गळाला लागला. परत सोडला."