राखायची झाडं

समोरच्या झुडपाला बांधलेलं लाल फडकं दिसलं आणि तिने झाडं कापायचं मशीन बंद केलं. लाल फडकं म्हणजे राखायचं झाड. बाकी सगळं कापायचं, चुरा करायचा आणि वीजघराच्या भट्टीला धाडायचं. पण हे झुडूप तर परकं, काटेरी, अख्खं कुरण गिळून बसलेल्या जातीचं होतं.

फडकी बांधत मशीनच्या पुढे चालायचं काम तिच्या वडिलांचं. जन्मभर गुरं राखलेला माणूस. ती खाली उतरून त्यांच्याजवळ गेली.

"बाबा, हे काय बांधलंत?"

"बोर आहे ती. दिसत नाही का तुला?" ते हसून म्हणाले. तिच्याकडे नाही, तिच्या शेजारच्या हवेकडे बघून.

बाबांना दिसत नव्हतं. काटे चाचपून फडकी बांधत होते, आणि बोरीलाही काटे असतातच. सकाळपासून तिची नजर फक्त पात्यावर आणि बाबांच्या पाठीवर होती; फडकं नाही म्हणून तिने बेधडक कापलं होतं. तिने मागे वळून पाहिलं. चुऱ्याच्या ढिगात बोरीचं लालसर लाकूड होतं. एक नाही, तीन-चार बोरी गेल्या होत्या.

मोटरसायकल लावून मुकादम नेमका त्याच ढिगापाशी थांबला. त्याने मूठभर चुरा उचलला.

"ही बोर कुणी पाडली?"

काम सुटलं तर बाबा घरात बसून महिनाभरात खचतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मी, साहेब. फडकं होतं. माझंच लक्ष नव्हतं."

"डोळे घरी ठेवून येतेस का?" बाबा तिच्यावर उखडले, अगदी मनापासून. "चांगलं ढळढळीत बांधलं होतं मी!"

"चुकलं, बाबा."

"उद्यापासून तू ढिगावर," मुकादम म्हणाला. "मशीनवर दुसरा येईल."

तिने मान डोलावली. तेवढ्यावर भागलं म्हणून तिला हायसंच वाटलं.

"काका, तुम्ही मात्र यायचंच," मुकादम बाबांकडे वळून म्हणाला. "नवा गडी जरा आडदांड आहे, मशीन अंदाधुंद हाकतो. तुमच्यासारखा जाणता माणूस पुढे असला की मला घोर नाही."

ती मुकादमाकडे एक पाऊल सरकली आणि थांबली. आता खरं सांगायचं तर कोणत्या तोंडाने?

बाबांनी मात्र छाती पुढे काढली.

"त्याला म्हणावं, बिनधास्त पळव मशीन. मी पुढे आहे."